हरकतीची मुदत संपल्यावर कळून काय उपयोग?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

राज्यातील २९ महापालिकांसाठी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले आणि अनेक शहरांत जवळपास चार वर्षे, काही शहरांत तर त्याहूनही अधिक काळ, प्रशासकांच्या हाती असलेला कारभार पुन्हा लोकनियुक्त सभागृहांकडे आला. महापौरपद कोणाकडे जाणार, स्थायी समितीच्या चाव्या कोणाच्या हाती राहणार, स्वीकृत सदस्य म्हणून कोणाची वर्णी लागणार, याच्या बातम्या आपल्या दैनिकासह सर्वांनीच भरभरून दिल्या. त्या आवश्यकही होत्या. प्रशासकाच्या काळात स्थायी समिती आणि सर्वसाधारण सभा या दोहोंचे अधिकार एकाच अधिकाऱ्याकडे होते, म्हणजे प्रस्ताव मांडणारा तोच आणि त्यावर मंजुरीची सही करणाराही तोच. त्यामुळे निदान प्रश्न विचारणारी माणसे सभागृहात परतली याचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु नगरसेवक परत आले म्हणून रहिवाशांचा कारभारातील सहभाग आपोआप परत येतो, असे समजण्याचे कारण नाही. तो प्रशासकांच्या आधीही फारसा नव्हता. या पत्राचा विषय तोच आहे.

माझ्या शहराचे नाव मी येथे मुद्दाम लिहीत नाही. लिहिले तर चर्चा त्या शहरातील पक्ष, आयुक्त आणि नगरसेवकांभोवती फिरू लागते, आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो. जे लिहितो आहे ते राज्यातील बहुतेक महापालिकांच्या रहिवाशांना आपापल्या अनुभवाशी ताडून पाहता येईल.

महापालिका माहितीच देत नाही, ही तक्रार आता तितकीशी खरी राहिलेली नाही. संकेतस्थळ असते, समाजमाध्यमांवरील खाती असतात, भूमिपूजनाचे आणि लोकार्पणाचे फलक तर चौकाचौकात असतात. माहिती बख्खळ मिळते, पण ती निर्णय होऊन गेल्यानंतरची असते. निर्णय व्हायचा असताना, म्हणजे रहिवाशाच्या बोलण्याने काही फरक पडू शकेल अशा वेळी, ती एक तर मिळत नाही किंवा अशा भाषेत मिळते की ती आपल्याविषयी आहे हेच वाचणाऱ्याला उमगत नाही.

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे विकास योजनेतील, म्हणजे शहरातील कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या विकास आराखड्यातील, फेरबदलाची जाहीर सूचना. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधील कलम ३७ प्रमाणे मंजूर विकास योजनेत किरकोळ स्वरूपाचा फेरबदल करायचा असेल, तर राजपत्रात व अन्य रीतीने सूचना प्रसिद्ध करून एक महिन्याच्या मुदतीत कोणाही व्यक्तीकडून हरकती व सूचना मागवाव्या लागतात आणि हरकत घेणाऱ्यांना सुनावणी द्यावी लागते. हरकत घेण्यासाठी त्या जमिनीचा मालक असण्याची किंवा लगतचा रहिवासी असण्याचीही अट नाही. कायद्याने दार एवढे मोठे ठेवले आहे. आता प्रत्यक्षात ती सूचना कशी असते ते पाहा. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदा आणि हरवलेल्या कागदपत्रांच्या जाहिरातींच्या शेजारी, भिंग घेऊन वाचावे अशा अक्षरांत मजकूर असतो, तो साधारण असा: मौजे अमुक येथील सर्व्हे क्रमांक तमुक, हिस्सा क्रमांक अमुक पैकी, विकास योजना आरक्षण क्रमांक तमुक या आरक्षणाने बाधित क्षेत्रापैकी अंशतः क्षेत्र आरक्षणातून वगळून रहिवास विभागात समाविष्ट करण्याचे योजिले असून, प्रस्तावित फेरबदलाचा नकाशा नगररचना विभागात कार्यालयीन वेळेत पाहण्यासाठी खुला ठेवण्यात आला आहे.

साध्या भाषेत याचा अर्थ असा की, मैदानासारख्या सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेल्या जागेचा काही भाग घरे बांधण्यासाठी मोकळा होणार. पण शहरात राहणाऱ्या किती जणांना आपण कोणत्या मौजेत आणि कोणत्या सर्व्हे क्रमांकावर राहतो हे ठाऊक असते? अमुक शाळेच्या मागचे, तमुक रस्त्याला लागून असलेले, संध्याकाळी मुले जिथे खेळतात ते मोकळे मैदान, एवढी एक ओळ त्या सूचनेत घातली असती, तर ती वाचून पंचवीस माणसे दुसऱ्या दिवशी नगररचना विभागात गेली असती. ती ओळ घालण्यास कायद्याने मनाई केलेली नाही. ती न घालण्याची सवय मात्र पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, आणि त्या सवयीचा फायदा कोणाला होतो हे मी वेगळे सांगायला नको. मैदानाभोवती पत्रे उभे राहतात तेव्हा रहिवासी जागे होतात, निवेदने देतात, उपोषणाला बसतात, आणि तेव्हा त्यांना शांतपणे सांगितले जाते की विहित मुदतीत एकही हरकत प्राप्त झालेली नव्हती. हे उत्तर खरे असते. म्हणूनच ते अधिक चीड आणणारे असते.

झाडांच्या बाबतीतही थोडेफार असेच आहे. नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणासाठी राज्यात १९७५ पासून कायदा आहे, आणि झाड तोडण्याच्या प्रस्तावाची सूचना वर्तमानपत्राबरोबर त्या झाडावरही दिसेल अशी लावण्याची त्यात तरतूद आहे. कल्पना उत्तम. पण बुंध्यावर डकवलेला तो साधा कागद, त्यावर पुसट झालेला शिक्का, पेनाने लिहिलेला वृक्षांचा आकडा आणि पहिल्याच पावसात फुगून सुटलेले कोपरे पाहिले, की तो कोणी वाचावा अशी लावणाऱ्याची तरी इच्छा होती का, असा संशय येतो.

अशा सूचना समजतील अशा रीतीने द्याव्यात, ही काही माझ्यासारख्या एखाद्या नागरिकाची हौस नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आला तेव्हापासून आपण सर्वांनी अर्ज करून माहिती मागण्याच्या कलमांकडेच लक्ष दिले आणि कलम ४ कडे दुर्लक्ष केले. त्या कलमाप्रमाणे लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणे आखताना किंवा निर्णय जाहीर करताना त्यासंबंधीची सर्व प्रस्तुत तथ्ये प्रसिद्ध करणे हे सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे, आणि प्रशासकीय निर्णयाची कारणे बाधित व्यक्तींना कळवणे हेही कर्तव्यच आहे. इतकेच नव्हे, तर ही माहिती देताना खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागात ती पोहोचवण्याचे सर्वांत परिणामकारक साधन यांचा विचार करावा, असेही त्यात सांगितले आहे. कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता हे सारे व्हायचे आहे.

परिणामकारक साधन कोणते, हे महापालिकांना कळत नाही असे कोणी म्हणू नये. रोज सकाळी घंटागाडी गल्लीत येते आणि तिच्या ध्वनिक्षेपकावरून ओला कचरा, सुका कचरा वेगळा करण्याचे गाणे वाजते. ते गाणे शहरातील लहान मुलांना पाठ आहे. मालमत्ता कराच्या थकबाकीवर शास्तीमाफीची अभय योजना निघाली, की रिक्षा फिरतात, फलक लागतात, भ्रमणध्वनीवर संदेश येतात, आणि मुदत संपत आली की पुन्हा आठवणीचे संदेश येतात. स्वच्छ सर्वेक्षणाचे दिवस आले, की नागरिकांचा अभिप्राय गुणांकनात मोजला जात असल्यामुळे, आपण अभिप्राय दिलात का, असे विचारायला कर्मचारी दारापर्यंत येतात. वसुली करायची असते आणि गुण मिळवायचे असतात तेव्हा जी यंत्रणा घरोघर पोहोचते, तीच यंत्रणा आरक्षण बदलाच्या सुनावणीची तारीख सांगताना एकाएकी आतल्या पानावरच्या बारीक जाहिरातीपुरती आक्रसून जाते. त्याच घंटागाडीवरून आठवडाभर, तुमच्या प्रभागातील अमुक मैदानाबाबत हरकत घेण्याची शेवटची तारीख अमुक, एवढे सांगायला कोणता खर्च येणार आहे?

अंदाजपत्रकाचा विषय याहून मोठा आहे आणि त्यावर थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. आयुक्त अंदाजपत्रक तयार करून स्थायी समितीला सादर करतात, समिती त्यात आपली भर घालते, मग ते सर्वसाधारण सभेपुढे येते आणि आर्थिक वर्ष सुरू होण्याआधी मंजूर होते. नागरिक ज्याला महापालिकेचे अंदाजपत्रक म्हणून ओळखतो, ती वर्तमानपत्रातील मोठ्या आकड्यांची बातमी, आयुक्तांच्या सादरीकरणाच्या दुसऱ्या दिवशीची असते. त्या वेळी बहुतेक कामे कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे खर्चाच्या कोणत्या सदरात, जाणार हे ठरून गेलेले असते. रहिवाशाला काही सांगायचे असेल, तर ते त्याच्या काही महिने आधी, क्षेत्रीय कार्यालयांतून कामांच्या याद्या तयार होत असताना सांगावे लागते. नेमका तो काळ नागरिकांपासून झाकलेला राहतो.

हे वेगळ्या पद्धतीने करता येते. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे या शहराने १९८९ पासून अंदाजपत्रकाचा काही भाग वस्तीवस्तीतील सभांमधून ठरवण्याची पद्धत सुरू केली आणि तिची दखल जगभर घेतली गेली. आपल्याकडे पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रकाचा उपक्रम हाती घेतला. रहिवाशांनी आपल्या भागातील कामे ठरावीक अर्जात सुचवायची, ती क्षेत्रीय कार्यालयाने तपासायची आणि प्रभाग समितीने त्यांतून निवड करायची, अशी साधारण रचना. पदपथ, पथदिवे, बसथांबे, बाके अशी लहान कामे त्यातून होतात. कामे लहान असतात म्हणून नाके मुरडणाऱ्यांना मी एवढेच म्हणेन की, पदपथ कुठे तुटला आहे आणि कोणत्या वळणावर दिवा नाही, हे तिथून रोज चालत जाणाऱ्या बाईइतके कोणत्याही सल्लागार संस्थेला कळत नाही. त्या उपक्रमातही उणिवा आहेत. सुचवलेले काम स्वीकारले की नाकारले, नाकारले तर कशामुळे, आणि स्वीकारले असल्यास ते झाले का, हे सुचवणाऱ्याला कळवण्याची व्यवस्था नसेल, तर पहिल्या वर्षी अर्ज भरणारा माणूस तिसऱ्या वर्षी भरत नाही. तरीही इतका काळ चाललेला हा प्रयोग राज्यातील इतर महापालिकांनी उचलून अधिक चांगला का केला नाही, हे मला समजलेले नाही.

आणि अंदाजपत्रक मंजूर झाले म्हणजे पैसा तिथेच खर्च होतो असेही नाही. वर्षाच्या मध्यात वर्गीकरणाचे प्रस्ताव येतात. एका कामासाठी ठेवलेली तरतूद दुसऱ्या कामाकडे वळवण्याचा हा मार्ग वैध आहे, आणि अनेकदा गरजेचाही असतो. पण उद्यानासाठी ठेवलेले पैसे भलत्याच कामाकडे गेले, हे त्या उद्यानाची वाट पाहणाऱ्यांना कधीच कळत नाही, कारण हे प्रस्ताव पुष्कळदा आयत्या वेळचे विषय म्हणून दाखल होतात आणि चर्चेशिवाय संमत होतात. सर्वसाधारण सभा, काही अपवाद वगळता, जनतेला खुली असते. प्रेक्षक सज्जात बसून ती पाहता येते. मात्र सभेची कार्यपत्रिका आधी हाती नसेल, तर सज्जात बसलेल्या नागरिकाला विषय क्रमांक मंजूर, विषय क्रमांक मंजूर, एवढेच ऐकू येते. आणि पुष्कळदा दिवंगतांना श्रद्धांजली वाहून सभा तहकूब झाल्याने तेवढेही नाही. कार्यपत्रिका, आयत्या वेळच्या विषयांसह, सभेपूर्वी संकेतस्थळावर टाकणे आणि इतिवृत्त कायम झाल्यावर लगेच प्रसिद्ध करणे यासाठी नवा कायदा लागत नाही, नवा कर्मचारीही लागत नाही.

आता मी ज्या मुद्द्याला सर्वांत महत्त्वाचे मानतो त्याकडे येतो. १९९२ मध्ये संमत झालेल्या दोन घटनादुरुस्त्या १९९३ मध्ये लागू झाल्या. त्र्याहत्तरावीने खेड्यांना ग्रामसभा दिली, चौऱ्याहत्तरावीने शहरांना तशी सभा दिली नाही. तीन लाख व त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात, एवढेच तिने सांगितले. त्यामुळे आज महाराष्ट्रातील खेड्यातल्या मतदाराला २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा असते हे ठाऊक असते, तिथे उभे राहून सरपंचाला हिशेब विचारता येतो. आणि शहरातल्या पदवीधर मतदाराला आपल्या भागाविषयी अधिकृतपणे बोलण्याची अशी एकही जागा नसते. ग्रामसभा सर्वत्र आदर्श चालतात असा माझा मुळीच दावा नाही. कोऱ्या नोंदवहीवर सह्या घेऊन उरकलेल्या ग्रामसभाही आहेत. पण तारीख माहीत आहे, जागा माहीत आहे, आणि विचारायचे ठरवले तर विचारता येते.

शहरांतील ही उणीव भरून काढण्यासाठीच आपल्या विधिमंडळाने २००९ मध्ये महापालिका आणि नगरपरिषदांच्या कायद्यांत दुरुस्ती करून क्षेत्र सभेची तरतूद केली. लोकांत ती नगरराज विधेयक म्हणून ओळखली गेली. केंद्राच्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानातून निधी मिळवण्यासाठी लोकसहभागाचा कायदा करणे राज्यांना बंधनकारक होते, हा त्यामागचा तातडीचा धक्का होता हे खरे. पण हेतू काहीही असो, कायदा झाला. काही मतदान केंद्रांच्या हद्दीतील सर्व मतदार मिळून एक क्षेत्र सभा, तिने आपल्या भागातील कामांचा अग्रक्रम सुचवायचा, उणिवा दाखवायच्या आणि ते पुढे प्रभाग समितीकडे जायचे, अशी ती कल्पना. त्यानंतर निवडणुका झाल्या, सभागृहे आली आणि गेली, आणि बहुतेक शहरांतील मतदारांना आपण एखाद्या क्षेत्र सभेचे सदस्य आहोत याचा पत्ताही नाही. नगरसेवकांना ही सभा नकोशी वाटते, कारण आपल्याला निवडून दिलेल्यांनी दर काही महिन्यांनी समोर बसवून प्रश्न विचारावेत हे कोणाला आवडणार? प्रशासनालाही ती नकोशी वाटते, कारण सभेत झालेली मागणी कागदावर येते आणि कागदाला उत्तर द्यावे लागते.

मुंबई वगळता इतर महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग आहेत, एका प्रभागात साधारणतः चार नगरसेवक, यामुळे क्षेत्र सभेची गरज आणखी वाढली आहे. चौघांचे पक्ष वेगळे असतील तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो, आणि चौघे एकाच पक्षाचे असतील तर बोट दाखवायलाही कोणी उरत नाही. चारही जणांनी एकाच दिवशी, एकाच मंडपात किंवा महापालिकेच्या शाळेच्या सभागृहात लोकांसमोर बसावे, एवढे जरी नव्या सभागृहाने पहिल्या वर्षात घडवून आणले तरी पुष्कळ होईल.

प्रभाग समितीबाबत एक बाब अनेकांना माहीत नसते, म्हणून नोंदवतो. त्या समितीवर नगरसेवकांबरोबर, त्या भागात समाजकार्य करणाऱ्या स्वयंसेवी व लोकाधारित संस्थांचे जास्तीत जास्त तीन प्रतिनिधी नामनिर्देशित करण्याची तरतूद कायद्यात आहे. या जागा रिक्त ठेवल्या जातात किंवा पक्षाच्या कार्यकर्त्यांच्या कागदोपत्री संस्था पुढे करून भरल्या जातात, अशी नागरी संघटनांची जुनी तक्रार आहे. समित्यांच्या रचनेच्या वेळीच निष्ठेने काम करणाऱ्या संस्थांनी रीतसर अर्ज करावेत, आणि कोणाचे अर्ज आले, कोणाची निवड झाली, हे महापालिकेने जाहीर करावे.

यावर अधिकाऱ्यांकडून एक उत्तर हमखास येते: आम्ही तक्रारीसाठी ॲप दिले आहे, मदतवाहिनी आहे, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन आहे. हे सर्व उपयोगाचे आहे आणि मीही त्याचा वापर करतो. परंतु तक्रार म्हणजे झालेल्या कामाविषयी किंवा न झालेल्या कामाविषयी एकट्या माणसाचे गाऱ्हाणे. खड्डा बुजवा हे ॲपवर सांगता येते. या रस्त्याचे रुंदीकरण करण्याऐवजी तो पैसा सांडपाण्याच्या वाहिनीवर खर्च करा, हे ॲपवर सांगायला रकानाच नाही.

दुसरे उत्तर अधिक गंभीर आहे, म्हणून त्याला गंभीरपणेच घेतले पाहिजे. लोकांना विचारत बसलो तर कामे रखडतात, बोलायला येतात ते ठरावीक चार जण, आणि त्यांना शहराच्या हितापेक्षा आपल्या दारातले वाहनतळ महत्त्वाचे असते, असे अधिकारी म्हणतात. यात तथ्य नाही असे नाही. पण न विचारल्याने किती रखडते याचाही हिशेब मांडावा. मुंबईच्या विकास आराखड्याचा प्रारूप मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा नागरिक, वास्तुरचनाकार आणि वस्त्यांमधील संघटनांनी त्यातील ढोबळ चुका हजारो हरकतींतून दाखवून दिल्या. अस्तित्वात असलेल्या इमारती आणि वारसास्थळे यांच्याविषयीच्या नोंदीसुद्धा चुकलेल्या होत्या. दोन महिन्यांत, एप्रिलमध्ये, तो मसुदा बाजूला ठेवून नव्याने काम करण्याचा आदेश मुख्यमंत्र्यांना द्यावा लागला, सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला आणि मंजुरी २०१८ मध्ये मिळाली. हा विलंब हरकतींमुळे झाला असे म्हणणाऱ्यांनी, त्या चुका मसुद्यात कायम राहिल्या असत्या तर काय झाले असते, याचाही विचार करावा. लोकांना मसुदा छापण्याआधी, प्रत्यक्ष जागेवरील पाहणीच्या टप्प्यावर नीट विचारले असते, तर त्यांतील कितीतरी चुका त्याच वेळी पकडल्या गेल्या असत्या.

ठरावीक चार जणच येतात, या आक्षेपाचे उत्तर मात्र सभेच्या वेळेत दडलेले आहे. सुनावणी कामाच्या दिवशी सकाळी अकराला, मुख्य इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर ठेवली, की तिथे निवृत्त माणसे, वकील आणि विकासकांचे प्रतिनिधी यांखेरीज कोण येणार? रोजंदारीवर जाणारा येत नाही, घरकामाला जाणाऱ्या स्त्रिया येत नाहीत, पाण्याची वेळ सांभाळणारी गृहिणी येत नाही, भाडेकरूला तर आपल्याला बोलण्याचा अधिकार आहे हेही कोणी सांगितलेले नसते. सुनावणी त्या त्या प्रभागात, रविवारी किंवा संध्याकाळी ठेवून पाहावी; मग कोण येते ते मोजावे आणि त्यानंतर लोकांच्या उदासीनतेवर भाष्य करावे.

आम्हा रहिवाशांनाही यातून मोकळे सुटता येणार नाही. सोसायटीच्या गटावर रस्त्याच्या खड्ड्याचे छायाचित्र टाकून त्याखाली संतापाचे चाळीस संदेश लिहिणारे आम्ही, एका पानाची लेखी हरकत टंकून आवक-जावक विभागातून तिची पोच घेण्याचे टाळतो. ती पोच हाती असलेल्या माणसाला सुनावणीला बोलवावे लागते. गटावरच्या संतापाला बोलवावे लागत नाही. निवडून आलेल्याला गणेशोत्सवाच्या वर्गणीसाठी भेटणारी मंडळे त्याच भेटीत क्षेत्र सभेची तारीख मागू शकतात. हस्ताक्षर चांगले नसले, कायद्याची भाषा येत नसली, तरी साध्या मराठीत लिहिलेली हरकत तितकीच ग्राह्य असते, हे प्रत्येक वस्तीत कोणीतरी सांगायला हवे.

महापालिकांकडे माझी मागणी मोठी नाही. पुढच्या तीन महिन्यांतील हरकती, सुनावण्या, सभा, अंदाजपत्रकासाठी कामे सुचवण्याची मुदत आणि वृक्षतोडीचे प्रस्ताव या सर्वांच्या तारखा प्रभागवार एकत्र दाखवणारे एक पत्रक दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात निघावे. त्यात जागेचा उल्लेख सर्व्हे क्रमांकाबरोबर लोकांच्या ओळखीच्या खुणेने व्हावा. ते क्षेत्रीय कार्यालय, आरोग्य केंद्र, महापालिका शाळा आणि भाजी मंडई येथे लावले जावे. आणि ज्याने हरकत घेतली त्याला, ती मान्य झाली किंवा अमान्य झाली याचे कारण लिहिलेले दोन ओळींचे पत्र मिळावे. यातील शेवटची गोष्ट मी सर्वांत वर ठेवीन, कारण आपल्या हरकतीचे काय झाले हे कळले नाही, तर माणूस पुढच्या वेळी पुन्हा लिहीत नाही.

आणि संपादक महोदय, आपल्याकडेही एक विनंती आहे. जाहीर सूचना आपल्याच पानांवर जाहिरात म्हणून छापल्या जातात, आणि त्याच विषयाची बातमी मुदत उलटल्यावर, आंदोलन झाल्यावर येते, असे पुष्कळदा घडते. आपल्या शहर पुरवणीत आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी आणि ठरलेल्या जागी, मुदत संपत आलेल्या हरकतींची आणि होऊ घातलेल्या सुनावण्यांची साध्या मराठीत नोंद देणारी एक चौकट सुरू करावी. आपल्या वार्ताहरांकडे कार्यपत्रिका येतातच; त्यांतील आरक्षण बदलाचे आणि वर्गीकरणाचे विषय तेवढे त्यांनी वेगळे काढून द्यावेत. पहिल्या चौकटीसाठी आमच्या भागातील जाहीर सूचनांची कात्रणे, जागेच्या ओळखीच्या खुणांसह, आपल्या कार्यालयात आणून देण्याची माझी तयारी आहे.

कळावे.

आपला विश्वासू,
महापालिका हद्दीतील एक मतदार